मेंढरांजवळ कोण थांबलं?

ते साल एकोणीसशे छत्तीस. सरकारी कागदांवर १३४६ फसली लिहायचे, पण आमच्या चर्चमधल्या कॅलेंडरवर १९३६ होतं आणि मला तेच लक्षात राहिलं. त्या हिवाळ्यात निजामसरकारच्या ज्युबिलीसाठी जालन्यातल्या सगळ्या सरकारी इमारतींना चुना लावायचं काम चाललं होतं. कचेरीच्या भिंती इतक्या पांढऱ्या झाल्या होत्या, की उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मिशनच्या शाळेतून सातवी पास होऊन आरामघरात कामाला लागले होते.

आरामघर हे लोकांनीच दिलेलं नाव. मिशनच्या दवाखान्यात औषधपाणी होऊन बरे झालेले, पण घरी न्यायला कुणीच आलं नाही असे म्हातारे-म्हाताऱ्या तिथं राहायचे. खोल्यांच्या दोन ओळी, मधे कडुलिंब, मागं विहीर आणि विहिरीच्या पलीकडं काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा. दवाखान्याच्या आवारात मेंढवाडा कसा, असं नवीन माणूस विचारायचंच.

तो कचरूमामांचा होता. कचरूमामा धनगर, भोकरदनच्या बाजूचे. चार वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडून दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग त्यांची सहा-सात मेंढरंही आली आणि दवाखान्याच्या फाटकात बसली. मोठ्या कळपातला त्यांचा हिस्सा तेवढाच उरला होता. हाड जुळलं, पण पाय आखूड पडला. रानोमाळ हिंडणं संपलं. आरामघर चालवणाऱ्या मोठ्या मिससाहेबांनी, आम्ही त्यांना नुसतं मिससाहेबच म्हणायचो, त्यांना राहून घ्यायला सांगितलं. मेंढरांसकट राहतो, म्हणाले. मिससाहेबांनी क्षणभर विचार केला आणि लोकर मिळेल म्हणून हो म्हटलं. तेव्हापासून आरामघरातल्या बायका दुपारी चातीवर लोकर कातायच्या.

बायकांमध्ये पुढारपण द्वारकाकाकूंकडं. त्या कुंभार पिंपळगावच्या, शेतकरी घरातल्या. गुडघे धरलेले, पण जीभ साफ मोकळी. पुरुषांमध्ये रामराव पाटील. त्यांना येऊन दोन वर्षं झाली होती, तरी कुणी विचारलं तर "औषधासाठी आलोय, चार दिवसांत जाईन" असंच सांगायचे. गावी दोन मुलं होती, जमीन होती, पण त्या चार दिवसांत कुणी न्यायला आलं नव्हतं. फेटा रोज नव्यानं बांधायचे आणि मेंढवाड्याकडून वारा आला की फेट्याचं टोक नाकाला लावायचे.

"मिससाहेब, दवाखान्यात आलोय का मेंढरांच्या बाजारात, तेच कळंना मला," असं ते दिवसातून एकदा म्हणणारच.

"पाटील, मेंढरांनी अजून तुमची तक्रार केली न्हाई," असं उत्तर कचरूमामा द्यायचे.

नाताळ आला की आरामघरात सगळ्यांना काम असायचं. ख्रिस्ती आम्ही थोडेच होतो. मी, कंपाउंडर सायलस, नर्स नंदा आणि स्वयंपाकाच्या झुंबरबाई. बाकी सगळे आपापल्या देवाचे. पण सण सगळ्यांचा. कोण कुणाच्या हातचं खातो याचा मेळ घालताना एरवी झुंबरबाई कावून जायच्या, पण नाताळाचा फराळ तेलात तळलेला असतो आणि तळलेलं कुणाच्याही हातचं चालतं, असा निकाल द्वारकाकाकूंनी एका वर्षी देऊन टाकला होता. त्यामुळं करंज्या आणि शंकरपाळे सगळ्यांच्या पोटात जायचे. मटण मात्र जुन्या जालन्यातून विकत यायचं. तरी नाताळाच्या आठवड्यात कचरूमामा झुंबरबाईंच्या हातातल्या सुरीवर नजर ठेवून असत.

"माझ्या ढवळीकडं बघून राह्यली का गं?" ढवळी म्हणजे त्यांची पुढारी मेंढी.

"तुमच्या ढवळीला शिजवायला सगळ्या जालन्याचं सरपण लागंल, मामा," झुंबरबाई म्हणायच्या.

दरवर्षी आम्ही प्रभूच्या जन्माचं नाटक करायचो. त्या वर्षी मिससाहेबांच्या मनात आलं, की आपल्याकडं खरा मेंढपाळ असताना कंपाउंडरला मेंढपाळ कशाला करायचं? आम्हा सगळ्यांना ते पटलं. एका दुपारी कडुलिंबाखाली सगळे जमले आणि मिससाहेबांनी गोष्ट वाचून दाखवली. रात्री रानात मेंढपाळ कळप राखत होते, देवदूतानं त्यांना बातमी सांगितली आणि ते सगळे उठून बाळाला बघायला गावात गेले. कचरूमामा बाजूला बसून चाती फिरवत ऐकत होते. चाती थांबली.

"मंग मागं कोन राह्यलं?"

"मागे म्हणजे कुठे, कचरू?" मिससाहेबांचं मराठी पुस्तकातलं होतं.

"मेंढराजवळ. सगळेच गेले म्हंता तुमी. रातचा वखत. लांडगे काय सुट्टीवर गेल्ते?"

मिससाहेबांनी पुन्हा पुस्तकात बघितलं. "ते यात सांगितलेलं नाही."

"सांगितलं नसंल. पन येक जन राह्यला असनारच. न्हाईतर ते मेंढपाळ न्हवते, दुसरेच कोन्ही व्हते."

"देवदूतच थांबला असंल राखणीला," रामराव पाटील म्हणाले.

"देवदुताला मेंढरातलं काय कळतंय पाटील?"

सगळे हसले. मिससाहेबही हसल्या. म्हणाल्या, "मागे कोण राहिले ते आपण नंतर शोधू. तुम्ही पहिले मेंढपाळ व्हा, कचरू. सर्वांच्या पुढे चालायचे आणि बाळापाशी जायचे."

कचरूमामांनी मान हलवली. "ते न्हाई जमायचं. मी मागं राहनारा मानूस. पुढं जायाचं मला ठावं न्हाई." आणि उठून, आखूड पाय टाकत मेंढवाड्याकडं गेले.

मिससाहेबांना वाटलं, धर्माचं काही आड येत असेल. द्वारकाकाकू म्हणाल्या, "त्यो धर्मबिर्म काही न्हाई. त्याच्या डोक्यात दुसरंच हाय." पण काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. मेंढपाळाचं काम पुन्हा सायलसकडं आलं. कचरूमामांनी त्याला आपली घोंगडी मात्र काढून दिली. "मेंढपाळ व्हायचं तर घोंगडी पायजे. कोटावर कोन मेंढरं राखतं?"

राजांची कामं वाटताना भांडण झालं. तीन राजे होते. रामराव पाटलांनी सांगून टाकलं, की मी नुसता राजा होणार नाही, मधला राजा होईन, आणि सोनं मीच देणार. दुसरे दोन राजे म्हणजे दवाखान्याचा माळी आणि पाणक्या. पाटलांसाठी मिससाहेबांच्या बंगल्यातला लाल मखमली पडदा काढून आणला. तो पाटलांनी खांद्यावर टाकून बघितला आणि त्या दिवशी जेवतानाही काढला नाही.

नाताळाला पाच-सहा दिवस असतील, तेव्हा कचरूमामांचा पुतण्या राधाकिसन आला. मोंढ्यात ज्वारी विकायला आला होता. मी तेव्हा विहिरीवर होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

"काका, बायनाबाई बाळंत झाली."

बायनाबाई म्हणजे कचरूमामांची एकुलती लेक. भोकरदनच्या जवळच दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पहिलं मूल झालं होतं.

"काय झालं?"

"लेक. दोघी बराबर हायेत. बारसं हाय नाताळानंतर दोन दिवसांनी. मी पुन्हा माल घेऊन येनार हाय, नाताळाच्या दुपारी माघारी निघन. तुला घ्याया येतो."

"मेंढरं हायेत ना रे."

राधाकिसन म्हणाला, "तिनं निरोप धाडलाय, तसाच सांगतो. म्हनली, पहिलं बाळंतपन सासरी झालं. माय न्हाई, बाप दवाखान्यात, मंग माहेर कुठलं? पन बारशाला माहेरची कुंची लागती. कोन्ही आलंच न्हाई तर सासरची मानसं काय म्हनतील? या टायमाला आला न्हाईस तर पुन्हा निरोप धाडनार न्हाई, म्हनली."

राधाकिसन भाकर खाऊन गेला.

संध्याकाळी मी हे द्वारकाकाकूंना सांगितलं आणि त्या गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत मेंढवाड्याकडं निघाल्या. मी त्यांना धरून नेलं.

"कचरूभाऊ, जानार का न्हाई?"

"मेंढरं कोन बघंल?"

"सहा मेंढरं. लेकीपरीस जड झाली का?"

कचरूमामा बराच वेळ ढवळीच्या पाठीतले काटे काढत होते. मग म्हणाले, "आमी चौघं भाऊ व्हतो, बाई. मी धाकला. पंचमीला, दसऱ्याला कळप सोडून समदे घरी जायाचे. येकाला मागं राहावंच लागतं. त्यो मीच. पोरीचं लगीन झालं तवा मी गोदावरीच्या अंगाला व्हतो. तिची माय सोनूबाई वारली, तवा बी. मला महिन्यानं कळलं. आता इतक्या सालांनंतर मी हात हालवत जाऊन उभा राहू? आन हिकडं ढवळीला लांडग्यानं नेलं तर?"

"म्हंजे मेंढरांसाठी न्हाई, भ्यायलास म्हनून जाईनास," द्वारकाकाकू म्हणाल्या.

"दोन्ही बी असंल," कचरूमामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आरामघरात तेवढाच विषय झाला. मेंढरं राखायला जो तो पुढं येऊ लागला आणि कचरूमामा प्रत्येकाला नाही म्हणू लागले. सायलस मेंढवाड्यात शिरला, तर ढवळीनं त्याला अशी धडक दिली की तो गवताच्या पेंढीवर जाऊन बसला. मी हाक मारून बघितली. कचरूमामा म्हणाले, "पोरी, तू हाक मारती का चर्चमधलं गानं म्हनती?" माळी तयार होता, पण तो ताडीच्या गुत्त्यावर जातो हे ढवळीलाही ठाऊक होतं. मिससाहेब स्वतः राखते म्हणाल्या. कचरूमामांनी त्यांना हात जोडले. "बाई, तुमी मानसं राखा."

"तुमच्या मेंढरांना आवडेल असा माणूस जन्माला आला आहे का?" सायलसनं विचारलं. त्याचं कंबरडं अजून दुखत होतं.

"आवडन्याचं काम न्हाई. ज्याच्यापाशी मेंढरू आपून व्हऊन बसतं, त्याच्यावर सोडून जाता येतं. माझ्या बापानं असंच सांगितल्तं."

शेवटी मिससाहेबांनी एवढंच केलं, की नाटक मेंढवाड्यात करायचं ठरवलं. "कचरूंना मेंढरे सोडून येता येत नाही, तर आपण त्यांच्याकडे जाऊ," त्या म्हणाल्या. पाटलांना हे अजिबात आवडलं नाही. "राजानं मेंढवाड्यात जायचं?" त्यांनी विचारलं. राजे गोठ्यातच गेले होते, असं मिससाहेबांनी सांगितलं, तेव्हा ते कबूल झाले. पण अत्तराचा फाया कानात घालीन, असं बजावून गेले.

नाताळाच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. आम्ही चर्चमधून आलो तोवर उन्हं वर आली होती, तरी वारा अंगाला झोंबत होता. आदल्या दिवशी मी कुंपणाला रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. मेंढरांच्या तोंडाला पोचत होत्या तेवढ्या त्यांनी खाल्ल्या होत्या, म्हणून आमची सजावट एकदम कमरेच्या वरून सुरू होत होती. गव्हाणीत गवत घालून वर कापडाचं बाळ ठेवलं होतं. त्याला द्वारकाकाकूंनी खणाच्या तुकड्यांची कुंची शिवली होती. जरीचा काठ, मागं झालर, हनुवटीखाली बंद. खऱ्या बाळालाही इतकी देखणी कुंची मिळाली नसती. नंदा निळ्या लुगड्यात गव्हाणीपाशी बसली. आरामघरातले झाडून सगळे येऊन बसले, जे चालू शकत नव्हते त्यांना बाजेसकट आणलं. कचरूमामा कुंपणाला टेकून उभे होते. दुपारी राधाकिसनची गाडी निघणार होती आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं.

सायलस मेंढपाळ होऊन आला. अंगावर घोंगडी नव्हती, स्वतःची चादर होती. "टोचते," असं तो माझ्या कानात म्हणाला, "आणि वासही येतो." मी म्हटलं, मग ठेवलीस कुठं? तो म्हणाला, तिथं राजांच्या सामानात असेल. नाटकाच्या घाईत मी पुढं काही विचारलं नाही.

मेंढपाळाचं काम झालं, गाणं झालं, मग राजे आले. माळी आला, पाणक्या आला आणि मधोमध रामराव पाटील. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, अंगावर मखमल. एरवी किडकिडीत दिसणारे पाटील त्या दिवशी चांगले गरगरीत दिसत होते. ते गव्हाणीपुढं उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आम्ही लांबच्या मुलखातून आलो आहोत."

ढवळीनं मान वर केली. दोनदा हुंगलं. आणि सरळ चालत जाऊन पाटलांच्या मखमलीत तोंड खुपसलं.

"हट्," पाटील म्हणाले. "आम्ही ताऱ्याच्या मागोमाग... हट् म्हंतो ना."

ढवळीच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. पाटील एक पाऊल मागं सरले की मेंढरं एक पाऊल पुढं. बाजेवरच्या म्हाताऱ्या हसू लागल्या. पाटलांनी सोन्याचा डबा डोक्यावर धरला आणि गव्हाणीला वळसा घातला. सगळा कळप त्यांच्या मागं. माळी आणि पाणक्या दोघं राजे कुंपणावर चढले. शेवटी ढवळीनं पडद्याचं टोक दातात धरून ओढलं, मखमल खाली आली आणि आत कचरूमामांची काळी घोंगडी दिसली.

थंडी सोसेना म्हणून पाटलांनी ती उचलून आतून गुंडाळली होती. वर मखमल घेतली की कुणाला काय दिसणार? पण घोंगडीच्या कोपऱ्याला कचरूमामा नेहमी मूठभर ज्वारी बांधून ठेवायचे, हे त्यांना कुठं माहीत?

"राजे," द्वारकाकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मेंढराचा वास मारून राह्यला म्हनं इथं. कुठून येतोय बघा बरं."

पाटील पाणी भरायच्या दगडावर मटकन बसले. मुकुट कानावर आला होता. ढवळीनं गाठ सोडवली, ज्वारी खाल्ली. बाकीच्यांनीही मातीतला दाणा न् दाणा वेचला. आम्हाला वाटलं, आता पांगतील. पण वारा सुटलेला होता आणि घोंगडीचा वास ओळखीचा होता. ढवळीनं पुढचे पाय दुमडले आणि पाटलांच्या पायाला पाठ लावून बसली. मग एकेक करून सगळी तिथंच बसली. रवंथ सुरू झालं.

हसणं थांबलं. कचरूमामा कुंपणापासून पुढं आले आणि जवळ येऊन बघत राहिले.

"ढवळी कोन्हापाशी बसत न्हाई," ते म्हणाले.

"बसली तर बसली. आता उठव तिला."

"बसल्या मेंढराला उठवू नाही पाटील."

"मंग मी काय संध्याकाळपर्यंत असाच बसू?"

"संध्याकाळपर्यंत न्हाई, चार-आठ दिवस," द्वारकाकाकू म्हणाल्या. "कचरूभाऊ भोकरदनाहून माघारी येईस्तोवर."

पाटलांच्या आत्ता लक्षात आलं, की सगळे आपल्याकडंच का बघतायत. त्यांनी मुकुट काढून मांडीवर ठेवला. "माझ्या सात पिढ्यांत कुणी मेंढरं राखली न्हाईत."

"सात पिढ्यांत कुणी राजा बी झालं नव्हतं. आज झालातच की."

पाटील त्यावर चिडतील असं मला वाटलं. पण ते ढवळीकडं बघत होते. तिचं अंग त्यांच्या पायाला ऊब देत असणार. ते हळू आवाजात म्हणाले, नाटकातल्या आवाजात नव्हे, "माझ्या थोरल्याच्या पोराचं बारसं झालं, मला कुणी बोलावलं न्हाई. दोन महिन्यांनी बाजारात एका माणसानं सांगितलं. तुला बोलावणं आलंय ना कचरू? मंग जा."

"रातचं उठावं लागतं पाटील."

"मला एरवी तरी कुठं झोप लागती?"

"विहिरीकडच्या वावरात ज्वारीचे कोवळे फुटवे हायेत. ते खाऊ द्यायचे न्हाईत. पोट फुगतं."

"मी शेतकरी हाय. मला ज्वारी शिकवतो का?"

"आन हाक अशी मारायची." कचरूमामांनी जीभ टाळूला लावून टर्रर्र असा लांबलचक आवाज काढला. मेंढरांनी कान टवकारले. पाटलांनी तोच आवाज काढून बघितला. तो हाकेपेक्षा खोकल्यासारखा आला. दुसऱ्यांदा जरा बरा. तिसऱ्यांदा ढवळीनं कान हलवला आणि बाजेवरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं हाय," कचरूमामा म्हणाले. आणि तरीही जागचे हलेनात.

"आता काय?" द्वारकाकाकूंनी विचारलं.

"मोकळ्या हातानं कसं जाऊ? माहेरची कुंची लागती बारशाला."

द्वारकाकाकू उठल्या. मला म्हणाल्या, "उषे, धर मला." आम्ही गव्हाणीपाशी गेलो. त्यांनी कापडाच्या बाळाची कुंची सोडली आणि घडी घालून कचरूमामांच्या हातात दिली. "त्याला थंडी वाजत न्हाई. तुझ्या नातीला वाजंल."

आम्ही सगळ्यांनी मिससाहेबांकडं बघितलं, कारण नाटक अजून संपलेलं नव्हतं. मिससाहेब डोळे पुसत हसत होत्या. एवढंच म्हणाल्या, "सायलस, धावत जा. गाडी थांबवून ठेव."

मग एकच पळापळ झाली. सायलस मेंढपाळाच्या वेशातच मोंढ्याकडं पळाला. झुंबरबाईंनी करंज्या फडक्यात बांधल्या. नंदानं बायनाबाईसाठी डिंकाचे लाडू दिले, ते तिनं स्वतःच्या बहिणीसाठी केले होते. घोंगडी पाटलांकडं राहणार, मग थंडीत कचरूमामा काय पांघरणार? पाटलांनी मला आपल्या खोलीतून त्यांची काश्मिरी शाल आणायला लावली. "सांभाळून वापर. आणि तिथं विचारलं तर सांग, रामराव पाटलांची हाय."

निघताना कचरूमामा गव्हाणीपाशी थांबले. कुंची काढल्यावर ते कापडाचं बाळ अगदीच उघडं दिसत होतं. त्यांनी वाकून त्याच्यावर दोन मुठी गवत सारलं, हात जोडले आणि काठी टेकत फाटकाकडं चालू लागले. एकदाही मागं वळून बघितलं नाही. पाटील दगडावरून ओरडले, "अरे, ढवळीला पाणी किती वाजता?" तरी वळले नाहीत. नुसता हात वर केला.

नाताळाचं जेवण आम्ही मेंढवाड्यातच केलं, कारण पाटलांना उठता येत नव्हतं आणि राजाला सोडून आपण आत जाऊन जेवायचं हे कुणाला बरं वाटेना. झुंबरबाईंनी सगळं तिथं आणून वाढलं. पाटलांनी मटण मात्र घेतलं नाही. म्हणाले, "आज नको. हिच्यादेखत बरं दिसत न्हाई."

कचरूमामा आठ दिवसांनी परत आले. बारशाला पोचले होते. बायनाबाई आधी एक शब्द बोलली नाही, मग कुंची बाळाच्या डोक्यावर घालून मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पदर तोंडाला लावून आत गेली. नातीचं नाव यमुना ठेवलं. एवढं त्यांनी सांगितलं आणि लगेच मेंढवाड्यात गेले. तिथं पाटील काळी घोंगडी पांघरून बसले होते. घोंगडी त्यांनी परत दिली नाही. कचरूमामांनीही मागितली नाही.

त्यानंतर कचरूमामा दरवर्षी नाताळाला भोकरदनला जायचे. एक्केचाळीस साली गेले ते बायनाबाईनं त्यांना परत येऊच दिलं नाही. दोन वर्षं तिच्याकडं राहून तिथंच वारले, आजूबाजूला सगळी घरची माणसं होती. मेंढरं पाटलांपाशीच राहिली, पाटील गेल्यावर ती राधाकिसननं आपल्या कळपात नेली. रामराव पाटलांना अडतीस साली त्यांची मुलं न्यायला आली होती. मेंढ्या ठेवायला जागा आहे का, असं त्यांनी विचारलं. मुलं हसली. पाटील म्हणाले, मग राहू द्या. ते चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आरामघरातच गेले. ढवळी त्यांच्या आधी दोन वर्षं म्हातारपणानं मेली होती. द्वारकाकाकू नव्वदीच्या होऊन सत्तेचाळीस साली गेल्या, आदल्या दिवशीपर्यंत कुणाला ना कुणाला बोलत होत्या. झुंबरबाई परभणीला मुलीकडं गेल्या. नंदा नगरच्या दवाखान्यात मेट्रन झाली. मिससाहेब शेहेचाळीसला मायदेशी परतल्या आणि तिकडंच वारल्याचं आम्हाला चर्चमध्ये कळलं. पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी आरामघर बंद झालं. खोल्यांत दवाखान्याचं सामान ठेवू लागले. सायलसशी माझं एकोणचाळीस साली लग्न झालं, त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली. राधाकिसननं पुढं कळप विकून भोकरदनला ज्वारीचं दुकान टाकलं, ते त्याचे नातू चालवतात. बायनाबाई खूप जगली. यमुना देऊळगावराजाला दिली. तिला तीन मुलं झाली, मधल्याच्या बारशाला मी गेले होते.